मधल्या विमानतळाचा व्हिसा लागतो का? तिकीट काढायच्या आधी हे बघून घ्या

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. माझा आतेभाऊ मँचेस्टरला असतो, आत्या आणि मामा (आत्याचे मिस्टर, आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात) पहिल्यांदाच त्याच्याकडे निघाले होते. यूकेचा व्हिसा हातात आलेला, नाशिकच्या इंदिरानगरच्या घरी चिवडा, लाडू, मेतकूट सगळं वजन करून भरलेलं, आणि तिकीट मी काढलेलं, मुंबई ते फ्रँकफर्ट ते मँचेस्टर, कारण त्या दिवशी तेच सगळ्यात स्वस्त दिसत होतं. रात्री अकराच्या सुमारास मुंबईच्या टर्मिनल २ वर काउंटरच्या मुलीने दोन्ही पासपोर्ट चाळले, कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि विचारलं, जर्मनीचा ट्रान्झिट व्हिसा कुठंय? मामा म्हणाले, आम्ही जर्मनीत जाणारच नाही, नुसतं विमान बदलणार आहोत. तिने शांतपणे सांगितलं की त्यासाठीच लागतो. सुपरवायझर आला, फोनाफोनी झाली, काही उपयोग झाला नाही. पहाटे कसारा घाट चढून दोघं नाशिकला परत आले, तिकिटाचे जवळपास सगळे पैसे गेले, आणि आत्या दोन दिवस कोणाचा फोन घेत नव्हती कारण सगळ्यांना सांगून निघाली होती.

चूक माझी होती, कारण मी नाशिक आणि मँचेस्टर एवढंच बघितलं, मधलं फ्रँकफर्ट बघितलंच नाही. तेव्हापासून नात्यात किंवा सोसायटीत कोणी परदेशात निघालं की मी आधी तिकीट दाखवायला सांगतो, आणि जे बघतो तेच इथे क्रमाने लिहितोय. हे सगळं भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आहे, तुमच्या घरात कोणाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असेल तर त्याचा नियम वेगळा, एकाच कुटुंबात एकाला लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही असंही होतं.

पहिलं काम: इमिग्रेशन ओलांडावं लागणार का ते शोधा

सगळा खेळ या एका प्रश्नावर आहे. मधल्या विमानतळावर उतरल्यावर तुम्ही ट्रान्सफरच्या पाट्या बघत आतल्या आतच पुढच्या गेटला गेलात तर त्याला एअरसाइड म्हणतात. पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन बाहेर आलात, बॅगा घेतल्या आणि पुन्हा चेक-इन केलं तर ते लँडसाइड. बाहेर आलात म्हणजे त्या देशात प्रवेश केला, मग भले दोन तासांसाठी का असेना, तिथे भारतीयांना व्हिसा लागत असेल तर तुम्हालाही लागणार. आत राहिलात तर बहुतेक देश काही विचारत नाहीत, पण काही देश आत राहण्यासाठीसुद्धा व्हिसा मागतात, आणि आत्या-मामा नेमके तिथेच अडकले.

बाहेर यावं लागणार की नाही हे विमानतळापेक्षा तुमच्या तिकिटावर जास्त अवलंबून असतं, म्हणून तिकीट नीट वाचा. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे का? असेल तर बहुतेक वेळा बॅग मुंबईत टाकली की थेट शेवटच्या गावी निघते आणि पुढचा बोर्डिंग पासही मुंबईतच मिळतो. दोन वेगवेगळी तिकिटं जोडलेली असतील, किंवा बुकिंगच्या साइटवर बारीक अक्षरात सेल्फ ट्रान्सफर असं लिहिलेलं असेल, तर धरून चाला की बॅग तुम्हालाच घ्यायची आहे म्हणजे बाहेर यायचं आहे. स्वस्त तिकिटांमध्ये हे फार असतं आणि मोबाईलवर बुक करताना ती ओळ दिसतच नाही.

नंतर विमानतळाचं नाव बघा, शहराचं नाही. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकवरून पुढचं विमान, टोकियोत नारिता आणि हानेदा, बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, पॅरिसला शार्ल द गॉल आणि ओर्ली, इस्तंबूलला तर एक विमानतळ युरोपच्या बाजूला आणि दुसरा आशियाच्या. तिकिटावर शहर एकच दिसतं पण तुम्हाला रस्त्याने जावं लागतं, म्हणजे देशात शिरावं लागतं. क्वालालंपूरला विमानतळ एकच, पण टर्मिनल १ आणि टर्मिनल २ एकमेकांपासून लांब आहेत, वेगळ्या तिकिटावर एकातून दुसऱ्यात जायचं म्हणजे बाहेर येणं आलंच. दुबई-शारजाचंही तेच, शारजाला स्वस्तात उतरून दुबईहून पुढे जाऊ असं कोणी सुचवलं तर त्यात यूएईचा व्हिसा धरलाय का ते विचारा.

आणि रात्र मध्ये येते का तेही बघा. काही विमानतळ रात्री बंद होतात आणि प्रवाशांना बाहेर जायला सांगतात. बारा-चौदा तासांचा थांबा असेल तर हे आधीच विचारून घ्या, हॉटेल विमानतळाच्या आत आहे की बाहेर तेही विचारा, कारण बाहेरच्या हॉटेलला जायचं म्हणजे पुन्हा व्हिसाचा प्रश्न.

दुसरं काम: मधला देश कोणता ते बघा

आखातातले विमानतळ सगळ्यात सोपे. दुबई, अबुधाबी, दोहा इथे एकाच तिकिटावर आतल्या आत विमान बदलायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून आईवडील पहिल्यांदा एकटे निघाले असतील तर मी दोन-पाच हजार जास्त गेले तरी यातलाच रस्ता सुचवतो. इस्तंबूलही आतल्या आत असेल तर तसंच. दुबईत बाहेर पडून नातेवाइकांना भेटायचं असेल तर यूएईचा ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा फुकट असतो आणि ९६ तासांचा ५० दिरहमला, पण तो आधी काढावा लागतो, साधारणपणे विमान कंपनीमार्फत. एक लक्षात ठेवा, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल आणि नुसतंच एका शब्दाचं नाव असेल तर नोव्हेंबर २०२२ पासून यूएईत व्हिजिट व्हिसाला अडचण येते, आपल्याकडे जुन्या पिढीतल्या बायकांच्या पासपोर्टवर असं नाव असतं म्हणून मुद्दाम सांगतोय. सौदीचाही ९६ तासांपर्यंतचा स्टॉपओव्हर व्हिसा आहे, २०२३ मध्ये सुरू झाला, तिकीट काढतानाच त्यांच्या विमान कंपनीच्या साइटवर त्याचा पर्याय येतो.

सिंगापूरला आतल्या आत व्हिसा नाही. बाहेर फिरायचं असेल तर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, यूके अशा ठरावीक देशांपैकी एखाद्याचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना ९६ तासांची बिनव्हिसाची सवलत मिळू शकते, पण तिसऱ्या देशात जाता-येताना मध्ये सिंगापूर असायला हवं, आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस बिनव्हिसा ठेवलंय, ही मुदत वाढवत वाढवत २०२६ च्या अखेरपर्यंत आणलीय, तिथलंही डिजिटल कार्ड आधी भरायचं असतं. चीनबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर २४० तास बिनव्हिसाची रील फिरते, ती ठरावीक देशांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. आपल्याला लागू होते ती २४ तासांची सवलत, तीसुद्धा हातात पुढचं पक्कं तिकीट असेल तर.

आता युरोप, इथे जरा थांबून वाचा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतात असे युरोपातले २९ देश, आणि त्यांचा विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा असतो, त्याला टाइप ए म्हणतात. ज्यांच्या नागरिकांना हा टाइप ए कुठल्याही शेंगेन विमानतळावर लागतोच अशा १२ देशांची जी एकत्र यादी आहे त्यात भारत नाही, पण प्रत्येक देशाला स्वतःची यादी वाढवायची मुभा आहे, आणि जर्मनी, फ्रान्स यांनी वर्षानुवर्षं त्यात भारत ठेवला होता. म्हणूनच शेंगेनमधल्या एका विमानतळावर लागतो आणि दुसऱ्यावर लागत नाही असं होतं, आणि मित्र अमुक शहरातून गेला, त्याला नाही लागला, या अनुभवाचा तुम्हाला काही उपयोग नाही.

या टाइप ए मधून सूट कोणाला? ज्याच्याकडे शेंगेन किंवा युरोपियन युनियनच्या देशाचा, किंवा अमेरिका, कॅनडा, जपानचा चालू व्हिसा आहे त्याला. म्हणजे टोरंटोला मुलीकडे निघालेल्या आईवडिलांना कॅनडाच्या व्हिसावर फ्रँकफर्टमधून जाता येतं. या यादीत यूके नाही! ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं तेव्हा त्याचा व्हिसा चालायचा, बाहेर पडल्यावर बंद झाला. आत्या-मामांच्या पासपोर्टवर यूकेचा कोरा करकरीत व्हिसा होता आणि तो फ्रँकफर्टसाठी कामाचा नव्हता, मी वाचलेला एक जुना लेख ब्रेक्झिटच्या आधीचा होता आणि मी त्यावर विसंबलो.

जानेवारी २०२६ मध्ये जर्मन चान्सलर मेर्त्झ भारतात आले तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना जर्मनीतून बिनव्हिसा ट्रान्झिट देणार असं जाहीर झालं, ही खरंच मोठी सोय आहे. पण घोषणा कधी झाली यापेक्षा तुमच्या प्रवासाच्या तारखेला काउंटरच्या कॉम्प्युटरवर काय दिसणार हे महत्त्वाचं, तेव्हा पेपरमधलं कात्रण बघून तिकीट काढू नका, जर्मन दूतावासाच्या साइटवर त्या दिवशी काय लिहिलंय ते वाचा. शिवाय ही सूट आतल्या आत विमान बदलण्यापुरती असते, फ्रँकफर्ट शहर बघायला नव्हे.

युरोपातली दुसरी फसगत म्हणजे दोन शेंगेन विमानतळ. पिंपळगावचा माझा एक मित्र द्राक्षबागा बघायला पेरूला जाणार होता, त्याला एजंटने मुंबई–अ‍ॅमस्टरडॅम–माद्रिद–लिमा असं तिकीट दाखवलं. अ‍ॅमस्टरडॅम ते माद्रिद हे शेंगेनच्या आतलं विमान, आपल्याकडच्या ओझर (नाशिकचा विमानतळ) ते दिल्लीसारखं, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमलाच इमिग्रेशन ओलांडून शेंगेनमध्ये शिरावं लागतं आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा, टाइप सी लागतो, टाइप ए चालत नाही. अ‍ॅमस्टरडॅमहून थेट लिमाला विमान घेतलं की हा प्रश्नच येत नाही. तेव्हा युरोपातून जाताना दोन शेंगेन शहरं एकामागे एक दिसली की तिकीट बदला.

यूकेमध्ये दोन प्रकार आहेत. आतल्या आत विमान बदलायला डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा, आणि बाहेर येऊन ४८ तासांत निघायचं असेल तर व्हिजिटर इन ट्रान्झिट. भारतीयांना आतल्या आतसुद्धा लागतो, हे खूप जणांना माहीतच नसतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर साधारणपणे सूट मिळते, आणि यूकेचा स्वतःचा चालू व्हिजिटर व्हिसा असेल तर वेगळं काही काढायची गरज नाही.

अमेरिकेत आतल्या आत असा प्रकारच नाही. मेक्सिकोला किंवा वेस्ट इंडिजला जाताना न्यूयॉर्क, मायामी कुठेही विमान बदललं तरी इमिग्रेशन ओलांडून, बॅगा घेऊन पुढे जावं लागतं. त्यासाठी सी-१ व्हिसा आहे, फी १८५ डॉलर, फॉर्म डीएस-१६०, आणि मुलाखत. माझं सरळ मत असं की एवढं करायचंच असेल तर त्याच फीमध्ये बी१/बी२ साठी, म्हणजे नेहमीच्या व्हिजिटर व्हिसासाठी, अर्ज करा, तो मिळाला तर ट्रान्झिटलाही चालतो आणि आपल्याला साधारण दहा वर्षांचा मिळतो. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो म्हणून अमेरिकामार्गे तिकीट, व्हिसा नसताना, घेऊच नका.

कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा ४८ तासांपर्यंत, फी नाही, अर्ज ऑनलाइन. ऑस्ट्रेलियाचा सबक्लास ७७१, ७२ तासांपर्यंत, त्यालाही फी नाही. फी नाही म्हणजे नियम सैल असं मात्र नाही, कागद सगळे लागतात.

तिसरं काम: परतीचा प्रवास वेगळा तपासा

जाताना चालू असलेला व्हिसा येताना संपलेला असतो, हे लोक विसरतात. समजा कॅनडाच्या एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर गेलात, सहा महिने राहिलात आणि परत येताना लंडन आहे. यूकेचा नियम असा की त्या देशात व्हिसावर शेवटचा प्रवेश करून सहा महिने व्हायच्या आत परतत असाल तर सूट धरतात, त्याच्या पुढे गेलं की अडचण. शेंगेनमध्येही अमेरिका, कॅनडा, जपानचा व्हिसा वापरून तिथून परत येणाऱ्याला सूट आहे. पण मुक्काम वाढवला, तिकिटाची तारीख बदलली, मार्ग बदलला, की हे सगळं पुन्हा तपासायचं. बाळंतपणाला गेलेल्या आयांचे मुक्काम हमखास वाढतात, त्यांनी परतीचं तिकीट शक्यतो आखातमार्गेच ठेवावं असं मी सांगतो.

चौथं काम: खात्री कुठून करायची

विमान कंपन्या टायमॅटिक नावाची यादी बघतात, ती आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना चालवते. काउंटरच्या मुलीने त्या रात्री तेच उघडलं होतं. कागद नसलेल्या प्रवाशाला नेलं तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणायचा खर्चही तिच्यावर पडतो, म्हणून तिथे विनवणीचा उपयोग होत नाही, ती मुलगी मनात असूनही सोडू शकत नाही. आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटरच्या साइटवर आणि बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर हीच माहिती आपल्यालाही बघता येते, पासपोर्ट कुठला, कुठून, कुठे, मध्ये कुठे, एवढं भरायचं. दोन ठिकाणी बघा, एक टायमॅटिकवाली साइट आणि दुसरी त्या देशाच्या दूतावासाची, आणि दोन्हीत फरक दिसला तर विमान कंपनीला ईमेल करून पीएनआर देऊन विचारा. फोनवर सांगितलेलं काउंटरवर दाखवता येत नाही, ईमेल दाखवता येतो.

हे सगळं पैसे भरायच्या आधी. एजंटकडून तिकीट घेत असाल तर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारा, या मार्गावर ट्रान्झिट व्हिसा लागतो का आणि बॅग थेट जाते का, आणि उत्तरही लिहूनच मागा.

पाचवं काम: लागतच असेल तर काढायचा कसा

आधी विचार करा, मार्ग बदलता येतो का. दोघांच्या ट्रान्झिट व्हिसाची फी, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज, मुंबईच्या फेऱ्या, सगळं धरलं तर दुसऱ्या मार्गाचं महाग तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं. शेंगेन टाइप ए ची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, पूर्ण शेंगेन व्हिसाएवढीच, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याखाली नाही. मुलांचा अर्ज मात्र वेगळा भरावाच लागतो.

काढायचाच असेल तर प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधीपासून शेंगेनचा अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करायला हवा, मी म्हणेन दीड महिना धरा, मे महिन्यात आणि दिवाळीत अपॉइंटमेंट मिळत नाहीत. कागद साधारण असे: भरलेला फॉर्म, पासपोर्ट (दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी), फोटो, संपूर्ण प्रवासाचं तिकीट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या देशाचा व्हिसा. तो आधी हातात पाहिजे, त्याशिवाय मधला देश तुम्हाला ट्रान्झिट व्हिसा देणार नाही. म्हणून क्रम असा, आधी शेवटच्या देशाचा व्हिसा, मग मधल्याचा. बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र, पेन्शनचा कागद हे प्रत्येक देशाच्या यादीप्रमाणे. शेंगेनसाठी बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर तेच वापरता येतात, जुन्या अर्जाचा नंबर जपून ठेवा.

पासपोर्टची पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, पण त्यावर परदेशाचा व्हिसा लावायला मात्र मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. मुंबईची अपॉइंटमेंट घेताना शक्यतो दुपारची घ्या, सकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघून दादरला उतरून आरामात पोचता येतं. गाडीने जाणार असाल तर इगतपुरीपासून समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत घाट टळतो, पण पुढे भिवंडी-ठाण्याच्या ट्रॅफिकचा वेळ धराच. फोटोकॉपीचे दोन सेट नाशिकमधूनच नेलेले बरे.

प्रवासाच्या रात्री

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्ट, शेवटच्या देशाचा व्हिसा, ट्रान्झिट व्हिसा असेल तर तो, संपूर्ण तिकीट आणि विमान कंपनीचा ईमेल, सगळं छापील. ऑस्ट्रेलियासारखा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, ऑनलाइन असतो, त्याची प्रिंट वर ठेवा. जुना पासपोर्ट असेल आणि त्यात चालू व्हिसा असेल तर तोही बरोबर घ्या. काउंटरला विमानाच्या तीन-साडेतीन तास आधी पोचा, म्हणजे नाशिकहून सात-आठ तास आधी निघा.

बॅग दिल्यावर जो टॅग देतात त्यावर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं आहेत का ते तिथेच उभं राहून बघा. मधल्याचीच असतील तर लगेच विचारा. दोन्ही बोर्डिंग पास हातात आले का तेही बघा. मधल्या विमानतळावर उतरल्यावर गर्दीच्या मागे जाऊ नका, गर्दी बाहेर जात असते, तुम्ही ट्रान्सफर किंवा कनेक्शन्स लिहिलेली पाटी शोधा, सिक्युरिटी पुन्हा होते, पाण्याची बाटली टाकावी लागते, चटणी-लोणचं हातातल्या बॅगेत असेल तर तेही जातं. वयस्कर लोकांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, ती ढकलणारा माणूस थेट पुढच्या गेटवर सोडतो, इंग्रजी येत नसेल तर ही सगळ्यात मोठी मदत आहे.

आत्या-मामा पंधरा दिवसांनी दोहामार्गे गेले. मी त्यांना एका कागदावर मराठीत लिहून दिलं होतं, दोहाला उतरल्यावर बाहेर जायचं नाही, पिवळी पाटी, हा गेट नंबर टीव्हीवर बघायचा, बॅग मँचेस्टरलाच मिळेल. तो कागद आत्याने अजून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलाय.